रेश्मा, नवा व्हिडिओ पाहिलास का?

रेश्मा गेली. आज वर्ष झालं.

हे पुन्हा लिहावं लागतंय, कारण कालपासून तिच्या मोबाइलवर एकच प्रश्न येतोय. "रेश्मा, नवा व्हिडिओ पाहिलास का?"

विचारणारे दक्षिण आफ्रिकेतले आहेत. काही ब्राझीलचे. एक पोलंडचा.

रेश्मा माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. मोहोळची. नोकरीसाठी सोलापुरात माझ्याकडे राहायची. सात रस्त्याजवळ झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती.

घरी आली की दार लावून व्हिडिओ बघायची. आणि बघताना स्वतःचा व्हिडिओ काढून आपल्या चॅनलवर टाकायची. याला रिॲक्शन म्हणतात, हे मला तिनंच शिकवलं.

दक्षिण आफ्रिकेत एक रॅप गाणाऱ्यांची टोळी आहे. लोकांना चिडवणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्या एका गाण्यात मयत दाखवलंय. शवपेटी, रडणारी माणसं, फुलं. मध्येच पेटीतली बाई उठते, तोंडातलं फूल थुंकते आणि शिव्या देत नाचायला लागते. तिचा अर्धा चेहरा पांढरा रंगवलेला.

रेश्मानंही अर्धा चेहरा पांढरा केला आणि कॅमेऱ्यासमोर बसली. पेटीतली बाई उठल्यावर ओरडली, "अगं बया! ह्ये तर उठलं की!"

बस्स. तेवढ्यावर तिकडची पोरं तिच्यावर फिदा झाली. इंग्रजी अक्षरांत "अगं बया" लिहायला लागली.

"मावशी, बघ की. चारच मिनिटं."

"शिव्या किती आहेत त्यात?"

"तुला कळतेत व्हय त्यांच्या शिव्या?"

"सूर कळतो."

पोट धरून हसली होती.

मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला. आवडला नाही. मयताची थट्टा मला चालत नाही. आजही माझं मत तेच आहे.

मग तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या. आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं.

मोहोळला बॅनर लावायचं ठरलं. आपल्याकडे वाढदिवस असो की मयत, गल्लीच्या तोंडाला बॅनर लागतोच. फोटो द्यायचं काम दुकानातल्या तिच्या मैत्रिणीकडं, सनाकडं आलं. फ्लेक्सवाला एकेक फोटो नाकारत गेला. मोठा केला की फाटतो म्हणाला.

एकच फोटो फाटला नाही.

अर्धा पांढरा चेहरा, तोंड उघडं, डोळे मोठे. भोवती छापील हार. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि सगळ्या नातेवाइकांची नावं.

मी बघितलं आणि सनाला विचारलं, "अगं, हाच मिळाला का?"

"खाला, येच एक साफ था. बाकी सब धुंदले थे." आणि रडायला लागली. तिला काय बोलणार?

तिच्या चाहत्यांना कळावं म्हणून सनानं त्या बॅनरचाच फोटो रेश्माच्या चॅनलवर टाकला. मराठी तिकडं कोण वाचणार?

अभिनंदनांचा पाऊस पडला.

"चौकात तुझा एवढा मोठा बोर्ड! स्टार झालीस!"

"फुलांचा हार! आमच्या गाण्यापेक्षा भारी!"

"आता पेटीतून कधी उठणार?"

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय, त्याला आता किती वर्षं झाली. रेश्माचा मोबाइल माझ्याकडं होता. बसले आणि व्यवस्थित लिहिलं. ती माझी भाची होती, ती वारली आहे, हे कळवताना अत्यंत दुःख होत आहे.

खाली हसरे चेहरे.

एकानं लिहिलं, "ही आंटी कोण? काय अभिनय आहे! पुढच्या व्हिडिओतही घ्या."

तिच्यासाठी वंदना झाली, त्या पुण्यानुमोदनाचा फोटो टाकला. मंडप, पांढऱ्या साड्या, खाली बसलेली माणसं. त्यावर उत्तर आलं, "सगळं गाव कामाला लावलंस!"

अजून किती स्पष्ट सांगायचं? मला त्यापलीकडची भाषा येत नाही.

सुनंदाचा रोज संध्याकाळी मोहोळहून फोन.

"अक्का, आज काय म्हणतेत?"

मी खोटं बोलत नाही. "अभिनंदन म्हणतात."

"त्येंना सांग की, ती न्हाय म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

"हसतात."

फोन तसाच चालू राहायचा.

हळूहळू कमेंट कमी झाल्या. मला वाटलं, विसरले. आणि परवा त्या टोळीचं नवं गाणं आलं. सगळे परत हजर. रेश्मा कुठंय? रेश्माशिवाय मजा नाही. अगं बया, ये ना.

आज सकाळी स्मृतिदिनासाठी मोहोळला आले. सुनंदाला म्हणाले, "चॅनल बंद करू. नाहीतर निदान कमेंट तरी बंद करू. हे बरं दिसत नाही."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"बंद करू नगं."

"का?"

"हितं समद्यांनी तिचं नाव घ्यायचं सोडलं, अक्का. म्या दिसले की गप होतेत. तितं आजून हाका मारतेत."

"अगं, पण त्यांना खरं माहीत नाही."

"नसू दे की."

मला हे पटलेलं नाही. गेलेल्या माणसाची कुणाला अशी वाट बघायला लावणं चूक आहे. पण आई ती आहे. तिच्यापुढं माझं चालत नाही, आणि त्या पोरांपुढं तर मुळीच चाललं नाही.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्यापैकी कुणी तिथं जाऊन काही सांगू नका. सांगून झालंय.

रेश्मा, मावशीचा शेवटचा नमस्कार.

आज दुपारी सुनंदाच्या हातात दिलं ते असं: रेश्माचा मोबाइल, चालू. चार्जर. सिमकार्ड आतच आहे, रिचार्ज केलेलं. पासवर्ड तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला. कमेंट बंद केलेल्या नाहीत.