दाखल्याला जायचं कुठे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या युक्रेनच्या बाईने आज बाल्कनीत मासे सुकत घातलेत, त्या वासाने इथल्या, परदेशातल्या फोरबर्गच्या या इमारतीतली एक जुनी सकाळ आठवली. बायको होती तेव्हा. तळमजल्याच्या खोलीत म्हाताऱ्यांची कॉफी असते, तिथे ही बाई पहिल्यांदाच आली होती. जो तो तिला लढाईचंच विचारत होता, माणसांना दुसरं काही सुचतच नाही. ती कॉफी तशीच ठेवून उठायला लागली. बायकोने हात धरून तिला खाली बसवलं आणि भाषांतराच्या फोनमध्ये मराठीत विचारलं, "तुमचा तालुका कसा होता गो?" बाई सांगू लागली. समुद्रकाठचा तालुका. आधी तुर्कांचं राज्य, मग रशियाच्या राणीचं, मग लाल बावट्याचं, मग त्यांचं स्वतःचं. आणि लढाईच्या थोडं आधी सरकारने तालुकाच मोडून शेजारच्या तालुक्यात घातला. "अगो बाई! मग दाखल्याला जायचं कुठे?" बायको म्हणाली. बाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "दुसऱ्या गावाला! बस बदलून! आणि साहेब जेवायला गेलेला!" "आमचाही साहेब तसलाच मेला!" बायको म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की बाकीचे वळून बघू लागले. थंड झालेली कॉफी बाईने घटाघटा पिऊन टाकली. आता बायको जाऊन वर्ष होत आलं. येणारा प्रत्येक जण मला विचारतो, कशाने गेली. ही बाई तेवढी विचारते, तुमच्याशी भांडायची कशावरून? मी सांगतो, घोरण्यावरून, आणि तिला घोरून दाखवतो.