पोत्यांमागची भिंत

सरकारी दवाखान्यात, अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळापुढे मी उभी होते. टेबलामागे तीन डॉक्टर. मधल्याने माझा अर्ज वाचला आणि हसत म्हणाला, "वास सहन होत न्हाई म्हणता. म्हणजे वास येतो की! मग नाक तर फस्टक्लास हाय." बाकीचे दोघे खो खो हसले. इतकी वर्षं शिकून त्या तिघांना मिळून हा एक विनोद सुचला होता.

त्यांच्या तक्त्यात हात होता, पाय होता, डोळा होता, कान होता. तुटलेल्या बोटालासुद्धा टक्के होते. माझ्या आजाराला रकाना नव्हता. "छातीचा फोटो साफ आहे," असं लिहून त्यांनी मला बाहेर काढलं.

हुमनाबादजवळच्या एका तुरीच्या गोदामात मी अकरा वर्षं होते. पोत्यांची नोंद ठेवायची, मालाचा नमुना काढायचा. पत्रे गळायचे. पावसाळ्यात थप्पीच्या तळाची पोती भिजून तूर काळीहिरवी पडायची. ती पोती फोडून चांगला माल वेगळा करायचं काम आम्हा बायकांचं. पोतं झटकलं की बुरशीची भुकटी उडायची. तोंडाला पदर, एवढाच बंदोबस्त. किडीसाठी विषारी गोळ्या ठेवून गोदाम बंद करत, आणि उघडल्यावर हवा खेळायच्या आत आम्हाला आत पाठवत. दारात लॉरी खोळंबलेली असायची ना!

आधी खोकला लागला, मग धाप. मग निराळंच सुरू झालं. फिनेल, रंग, उदबत्ती, घरच्या मिरचीची फोडणी, कशाचाही वास आला की छाती आवळायची, ओठ निळे पडायचे, डोकं गरगरायचं. कमठाण्याला घरी येताना शेजारच्या बाईच्या अत्तराने मी बसमध्येच बेशुद्ध पडले. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "अक्का, वय झालं तुमचं. घरी बसा आता." मी चव्वेचाळीस वर्षांची होते. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा होता, आणि गोदामाच्या आत तो कधी दहा मिनिटांच्या वर थांबलेला मी पाहिला नव्हता.

मी कलबुर्गीच्या कोर्टात गोदामाच्या मालकावर भरपाईचा दावा लावला. मालकाच्या वकिलाने उलटतपासणीत सुरुवात केली, "घरात चूल पेटवता?"

"गॅस आहे."

"नवरा बिडी ओढतो?"

"न्हाई."

"सासरे ओढायचे?"

"सासरे जाऊन वीस वर्षं झाली."

"पण ओढायचे ना?"

"व्हय."

त्याने न्यायाधीशांकडे असं पाहिलं, जणू खुनी सापडला. वीस वर्षांपूर्वी वारलेला म्हातारा माझी छाती बिघडवू शकतो. अकरा वर्षांची बुरशी मात्र नाही. एवढं बोलायचे त्याला पैसे मिळत होते. वर तो कोटाला इतकं अत्तर लावून यायचा की मला खिडकीपाशी उभं राहून उत्तरं द्यावी लागायची. तेही त्याने लिहून घ्यायला लावलं: साक्षीदार नाटकी वागते.

माझा वकील गरीब माणूस, पण चिवट. त्याने मला सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी माझ्याकडून एका नळीत पुन्हा पुन्हा फुंकून घेतलं, गोदामात काय काय उडायचं ते अर्धा तास विचारलं. म्हणाल्या, "फोटोत हे दिसत नाही. फुंकल्यावर दिसतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?" कोण सांगणार? सांगणारे तिघे विनोद करण्यात गुंतले होते.

मग कोर्टाने गोदाम पाहायला एका वकीलबाईंना पाठवलं. तारीख कळली तशी मालकाने आदल्या दिवशी भिंतींना रंग मारून घेतला. मला फाटकातच तो वास लागला. श्वास मिळेना, मी मातीत बसले. मॅनेजर त्या बाईंना म्हणाला, "बघा म्याडम, सुरू झालं नाटक."

तेवढ्यात थप्पीवरून एक म्हातारे हमाल उतरले. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. ते मॅनेजरला म्हणाले, "नाटक कामून म्हणायलाव सायब? म्याडमला मागली भिंत दावा की."

"तुझं काम कर."

"तेच करायलोय," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पोती खाली ओढायला सुरुवात केली. दोघे हमाल न सांगता मदतीला आले. मागची भिंत उघडी पडली. वरपासून खालपर्यंत काळी, ओली, केसाळ. रंग फक्त दिसणाऱ्या भागाला मारला होता. पोती हलवायची मजुरी वाचवली होती. लबाडीसुद्धा या माणसांना धड करता आली नाही. वकीलबाईंनी फोटो काढले.

अप्पांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. मी त्यांच्या घरी गेले, तर म्हणाले, "तू कामून रडायलीस? माझी पाठ तशीबी गेली होती."

निकाल लागला तेव्हा छातीचा आजार गोदामामुळे झाला, हे कोर्टाने मान्य केलं. फुप्फुसाचं अपंगत्व धरलं गेलं, त्याची भरपाई मिळाली. वासांचं मात्र मानलं नाही. ती म्हणे माझ्या मनाची समजूत, मोजता येत नाही. मी वकिलाला विचारलं, "मनाच्या समजुतीने ओठ निळे पडतात?" तो म्हणाला, "ताई, अर्धं मिळालं, घ्या." मी घेतलं. अर्ध्या माणसाला अर्ध्या आजारासाठी दिलेलं अर्धं.

गेल्या वर्षी बसवकल्याणला भाचीचं लग्न झालं. मांडवात फुलं, धूप, नवा रंग. मी रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. नवऱ्याने ताट तिथेच आणून दिलं. दोन नातेवाईक बायका जाताना मला ऐकू येईल असं बोलल्या, "कोर्टातून पैसा भेटला, तरी अजून सोंग सुटंना."

मी जेवत राहिले. पुरणपोळी चांगली झाली होती.