नकाशावरचे खोटे ठिपके

वटार गावच्या सँड्राचं उजवं मनगट माउस चालवून चालवून इतकं सुजलं होतं, की भाताचा घाससुद्धा नीट उचलता येत नसे. तरी ती रोज वालीवच्या छोट्या कारखान्यात संगणकापुढे बसायची. साल २००५. तिथे अंध मुलांसाठी जाड कागदावर उठावाचे नकाशे बनत. ती नकाशा काढायची. यंत्र त्यातल्या रेषा आणि ब्रेल अक्षरं कागदावर उठवायचं.

नवं सॉफ्टवेअर आलं आणि घात झाला. यंत्रासाठी फाइल काढली, की नको तिथे बारीक ठिपके उमटू लागले. डोळ्यांना ते किरकोळ वाटत, पण ब्रेल म्हणजे ठिपकेच; एकटा ठिपका म्हणजे 'अ'. अंध शाळेचे आग्नेल सर बोटांनी कागद तपासत होते, तेव्हा त्यांचं बोट गोदावरीवर थांबलं.

"सँड्रा, नदीच्या मधोमध हा 'अ' कुठून आला?"

भूगोलाची परीक्षा तोंडावर होती. सँड्रा एकेक ठिपका माउसनं हुडकून पुसत राहिली. एका दुपारी बोटं मिटेचनात, तेव्हा तिनं टेबलावर डोकं टेकलं. आपल्यापायी मुलं नापास होणार, एवढंच तिला दिसत होतं.

मग दुसरं काहीच सुचेना म्हणून तिनं ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत नुसते आकडे होते: प्रत्येक रेघ कुठून निघाली, कुठे संपली. खोटा ठिपका म्हणजे निघाली तिथेच संपलेली रेघ. ब्रेलचे ठिपके मात्र छोटी वर्तुळं होती, त्यांना धोका नव्हता. डाव्या हाताच्या एका बोटानं तिनं एडिटरमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, लिहिली: अशी प्रत्येक रेघ काढून टाक.

ती सगळ्या नकाशांवर चालवली आणि खोटे ठिपके गेले. पण नाशिक गेलं, नांदेडही गेलं. गावांच्या खुणाही तिनं तशाच, निघाली तिथेच संपणाऱ्या रेघेनं काढल्या होत्या. सगळ्या नकाशांतली गावं पुसली गेली होती. ती सरांना म्हणाली, आता माझ्याच्यानं होणार नाही.

सर नवा कागद चाचपत होते. "गावं परत बसवता येतील. नदी मोकळी झाली ना?"

तिनं डाव्या हातानं गावांची वर्तुळं काढायला घेतली. एकेक नकाशा पुन्हा स्क्रिप्टमधून जाई, सर बोट फिरवत, पुढचा घेत. कागद परीक्षेच्या सकाळी शाळेत पोचले. पिकांचा नकाशा मात्र राहूनच गेला. त्यावरचा प्रश्न मुलांना सोडून द्यावा लागला. सरांनी ते सांगितलं, तेव्हा सँड्रानं डाव्या हातानं पिकांच्या नकाशाची फाइल उघडली.