गाद्यांना मिळतं ते ऊन

गच्चीवर आईने गाद्या उन्हात घातल्या होत्या आणि माझी चार वर्षांची मनू टाकीच्या सावलीत बसली होती. जरा पळाली की तिची छाती घरघरते. डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व कमी आहे. दम्याशी त्याचा संबंध असू शकतो." आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, असलं 'असू शकतो' मी सहजी मानत नाही. एवढं ऊन आपल्याकडे, ते कमी पडेलच कसं?

तेवढ्यात मनू उन्हात सरकली.

"मागे हो गं," आई म्हणाली, "काळी पडलीस तर कोण करून घेईल तुला?"

माझा संशय डॉक्टरांवरून उठून आमच्याच घरावर येऊन बसला. एक गादी गुंडाळून मी तिच्या जागी मनूला बसवलं. आता आई माझ्याकडे संशयाने बघत होती.