शहामृगाची नजर

आमची पहिली मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. तेव्हा आम्ही येलदरीला, धरणाच्या कॅम्पात राहत होतो. नवरा वीजघरात रात्रपाळीवर जायचा आणि मी शाळेत विज्ञान शिकवायची. "सातव्याचं तरी जगतं, आठव्याचं जगत नाही," असं जो तो येऊन सांगून जायचा. मला त्या 'तरी'चा भयंकर राग यायचा. जिंतूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, ऊब द्या, बोळ्यानं दूध पाजा आणि वाट बघा. पहिली दोन कामं मी करत होते. वाट बघणं मात्र मला जन्मात जमलेलं नाही.

मदतीला सासूबाई आल्या होत्या. त्यांची मदत म्हणजे बाळाशेजारी मांडी घालून बसायचं आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं. मी दूध कोमट करतेय, लंगोट धुतेय, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळतेय, आणि ह्या आपल्या बघतायत.

"आत्याबाई, नुसतं बघून काय होणार?" मी एकदा वैतागून विचारलं.

त्यांच्या माहेरकडच्या एका दर्ग्यात छताला शहामृगाचं अंडं टांगलेलं होतं, नारळाएवढं. बौद्ध धर्म घेतल्यावर आमच्या घरानं नवस सोडले, पण सासूबाईंनी उरूस सोडला नव्हता. तिथल्या मुजावरानं त्यांना लहानपणी सांगितलं होतं की शहामृग अंड्यावर बसत नाही, नुसतं बघतं. "नजरेनंच पिल्लू निघतंय. नजर हलली की अंडं सडतंय," त्या म्हणाल्या. बोलतानाही डोळे बाळावरच.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, साफ खोटं. शहामृग चांगलं बसतं. बऱ्याच माद्या एकाच खड्ड्यात अंडी घालतात, पण त्यांतली एक थोरलीच दिवसभर बसते. तिचा रंग मातकट, त्यामुळे उन्हात ती लांबून दिसत नाही. रात्री नर बसतो, तो काळा असतो, अंधारात मिसळून जातो. पिल्लू निघतं ते उबेनं, नजरेनं नाही.

"असंल," त्या म्हणाल्या. "मग तुझा नर कुठं हाय?"

हे बोलणं नवऱ्यानं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं साहेबांकडे जाऊन दिवसपाळी मागून घेतली. तेव्हापासून रात्री तो बाळाला उघड्या छातीशी धरून पडायचा, वरून धोतराची घडी. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. हसोत बापड्या. पण दिवस माझ्या वाट्याला आला, आणि दिवसाच मला वेड लागायची पाळी यायची. मी एका जागी ठरतच नव्हते. बाळाचे तळवे चाचपायचे, दारात यायचं, पुन्हा आत जायचं, बाटली बदलायची, पुन्हा तळवे. पायाला भिंगरी लागली होती नुसती.

त्या दुपारीही तेच चाललं होतं. मी पाठमोरी होऊन लंगोट पिळत होते, तेवढ्यात मागून टिचकी मारल्याचा आवाज आला. वळून बघते तर सासूबाई बाळाच्या तळव्यावर टिचक्या मारत होत्या.

"काय करायलात?" मी ओरडलेच.

"दम थांबलाय हिचा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

ओठ निळे पडले होते. छाती हलत नव्हती. मी ओला लंगोट हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाईंनी आणखी एक टिचकी मारली, मग पालथं करून पाठ चोळली, पुन्हा तळवा. मला रडूही येत नव्हतं. मग ती एवढीशी छाती वर आली, आणि मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला.

उबेचं सगळं मला माहीत होतं. इतकं लहान मूल श्वास घ्यायचंच विसरून जातं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं शिकवलं. त्या नुसत्या बघत होत्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून.  बाळाच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली.

"नीट बघायलीस का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"हो."

"न्हाई, खरंच बघायलीस?"

"हो, आत्याबाई."

"मग मी उठते. सकाळधरनं लघवीला जायचं हाय मला."

त्या उठायला गेल्या तर गुडघे धरलेले. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्याकडे न बघताच तो चाचपून धरला.