किती दिवसांची टाकी

मुळशी तालुक्यात कुठल्या घरात किती माणसं जेवतात, हे सरकारला कळायच्या आधी माझ्या आत्याच्या यजमानांना कळतं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते माझे मामा. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पिरंगुटपासून पौडपर्यंत आणि तिथून आत कोळवण खोऱ्यात गॅसच्या टाक्या पोचवल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माणसं कधी मोजली नाहीत, टाकी किती दिवस पुरली तेवढं मोजलं, आणि त्यावरून घरात कोण आलं, कोण गेलं, कोण वेगळं झालं ते ओळखलं. त्यांचा अंदाज चुकल्याचं मला तरी ठाऊक नाही. माझ्या आईनं स्वयंपाक करणं सोडलंय, हेही त्यांना असंच कळलं. मी रोज तिच्याकडे जाऊन चहा पीत होतो आणि मला कळलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मामांच्या गमती सांगता सांगता माझी ही गोष्ट मागे राहून गेली तर बरं, असा मोह मला होणार आहे.

मामा बुटके, अंगानं काटक. टाकी कायम उजव्या खांद्यावर, त्यामुळे मान डावीकडे कललेली ती कललेलीच राहिली. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे सरळ उभे आहेत आणि मामा मात्र शेजारच्या बाईच्या कानात कुणी काय सांगतंय ते ऐकत असल्यासारखे दिसतात. फोटोग्राफरनं तीनदा मान सरळ करायला लावली, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "तू कॅमेरा वाकडा धर." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दिवस राहतात. आमच्या गावातले पाटील म्हणजे 'बावीस दिवसवाले', पोस्टमन म्हणजे 'चाळीसवाले'. एका लग्नात त्यांनी माझ्या चुलतभावाची ओळख एका फौजदाराशी करून दिली ती "हे आमचे पाव्हणे, अडतीस दिवस" अशी. फौजदारानं आवाज खाली आणून विचारलं, कुठल्या जेलला होता? भाऊ त्यानंतर वर्षभर मामांशी बोलला नाही. वर्षभरानं त्याला मुलगा झाला, तेव्हा मामा टाकी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, आता चौतीसवर येशील.

कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते स्वयंपाकघरात डोकावतात. ओलं फडकं टाकीवरून फिरवायचं, कुठवर लवकर वाळतं ते पाहायचं, म्हणजे आत किती शिल्लक आहे ते समजतं. नव्या सुनांना हे आवडत नाही. पण मुलगी द्यायची असली की त्याच घरातले लोक मामांना गाठून त्या स्थळाची चौकशी करतात, आणि मामा एकच सांगतात, किती दिवसांची टाकी आणि भाकरी कोण थापतं.

एकदा सुट्टीत मी त्यांच्या टेम्पोतून पिरंगुटला गेलो होतो. तिथं कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत आणि त्यांत बाहेरच्या राज्यांतली पोरं राहतात. मामांनी एका खोलीत टाकी जोडता जोडता विचारलं, "कितना जन जेवता है?" पोरगा म्हणाला, छह. मामांनी भाताच्या पातेल्याकडे पाहिलं. "झोपता कितना, वो नहीं पूछा." मग बारा निघाले. सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे, आणि सहा गाद्या, ज्या कधी गार होत नसत. खोलीमालकाला सांगू नका म्हणून पोरं काकुळतीला आली. मामा म्हणाले, मैं गॅसवाला है, मालक का बाप नहीं. कोळवण खोऱ्यात शहरातल्या लोकांनी बांधलेल्या बंगल्यांना मात्र ते घर मानायलाच तयार नसत. आठ खोल्या, पोहायचा हौद आणि वर्षाला एक टाकी. तीसुद्धा माळी संपवतो, असं ते तुच्छतेनं सांगत. हिंजवडीच्या बाजूला इमारतींमध्ये पाइपातून गॅस आला, तेव्हा ते आठवडाभर उदास होते. पाइपातून काय कळणार, कोण जेवलं आणि कोण तसंच झोपलं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा माझ्याच गावात, कोळवण खोऱ्यात. पण मी राहतो पिरंगुटला, फ्लॅटमध्ये, बायको आणि मुलीबरोबर. आई गावातल्या घरात एकटी. यंदा जनगणनेच्या घरयादीचं काम आलं आणि आमच्या गावाचा भाग माझ्याकडे दिला. मामांनी तेव्हा नुकतीच गॅसची नोकरी सोडली होती आणि त्यांना करमत नव्हतं. यादीत एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब धरायचं, हा नियम मी त्यांना सांगितला तर ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, हे सरकारला आता सुचलं व्हय? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पौडहून एसटीनं हजर.

त्यांच्यामुळे माझं काम सोपं झालं आणि माझी अब्रूही बऱ्याचदा गेली. आमच्या गावात एक मोठं एकत्र कुटुंब आहे. तिघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, सगळे मिळून चौदा. थोरले भाऊ गावात कुणाचं भांडण झालं की स्वतःच्या घराचा दाखला देतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, ल्हा गुरुजी, चौदा माणसं, एक कुटुंब. मी लिहायला लागलो तर मागून मामा म्हणाले, "तीन ल्ही."

थोरले म्हणाले, "मामा, आमी एकत्र हाये."

"भायेरनं एकत्र. आत तीन शेगड्या हायेत, तीनबी म्याच जोडल्यात. धाकल्याची तर म्हागल्या दारानं नेली, तुमाला दिसू नये म्हणून."

आतून बायकांचं हसू ऐकू आलं. थोरले शेवटी, ल्हा तीन, म्हणाले. मी तीन लिहिलं. उठताना त्यांनी मला हळूच विचारलं की ही यादी गावात वाचून दाखवतात का. नाही म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला, आणि चहा धाकट्याच्या शेगडीवर झाला.

वरच्या धनगरवाड्यावर टाकीची विद्या चालत नाही. तिथं टाकी डोक्यावरून न्यावी लागते, म्हणून रिकामी झाली की ती बसायच्या कामी येते आणि स्वयंपाक लाकडावर होतो. मामा त्या दिवशी मला पहाटेच घेऊन गेले. आम्ही टेकाडावर बसलो आणि त्यांनी छपरांमधून निघणारा धूर मोजला. नऊ. घरं अकरा होती. दोन घरची माणसं मेंढरं घेऊन खाली उतरली होती.

चौथ्या दिवशी आम्ही आमच्या आळीत आलो. पहिलंच घर एका विधुर म्हाताऱ्याचं. मी ओटीवर बसून त्यांचं वय विचारत होतो, तोवर मामा आत गेले, टाकी उचलून पाहिली आणि बाहेर येऊन शेजारच्या सुनेला हाक मारली. आजपासून ह्यांच्या दोन भाकरी तुझ्याकडं, असं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. त्यात चर्चा अशी झालीच नाही. आम्ही रस्त्याला लागल्यावर मामा म्हणाले, "एकट्या म्हाताऱ्या माणसाची टाकी सरत न्हाई. लोकास्नी वाटतं काटकसर हाय. काटकसर न्हवं ती."

ते माझ्याकडे बघत नव्हते. पण मला चालता चालता थांबावं लागलं. दिवाळीच्या आधी ह्याच मामांनी मला शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं होतं, "वैनींची टाकी पाच म्हैनं झालं, अजून हाय." मी हसलो होतो. आमची आई पहिल्यापासून काटकसरी, असं मी अभिमानानं म्हणालो होतो. वर हे कौतुक शिक्षकांच्या खोलीतही सांगितलं होतं. मामांनी तेव्हा मान हलवली आणि टेम्पो सुरू केला. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची त्यांची पद्धत नाही.

पुढचं घर आमचं होतं. मामा अंगणातच थांबले, तंबाखू मळत. आई दारात बसली होती. मी फॉर्म काढला तर तिला गंमत वाटली. म्हणाली, इचारा गुरुजी. माणसं किती, या प्रश्नाला तिनं बोट वर केलं आणि म्हणाली, ल्ही एक, आणखी काय ल्हिणार? मी उठून आत गेलो. शेगडी पुसलेली, लखलखीत. त्यावर फक्त चहाचं पातेलं. डब्यात बटर, खारी, ग्लुकोजची बिस्किटं. टोपल्यात फडक्याखाली अर्धी भाकरी, तीही कालची, शेजारून आलेली. आई मागोमाग येऊन उभी राहिली. मी विचारलं, स्वयंपाक करत नाहीस का? ती म्हणाली, एकटीसाठी कुठं तवा तापवायचा. मी जरा आवाज चढवून म्हणालो, मला सांगायचंस तरी.

"तुला काय सांगू? तू डबा आणतोस की."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. माझा डबा तेव्हा बाहेर गाडीला अडकवलेला होता. किती वर्षं मी रोज मधल्या सुट्टीत तो डबा शाळेत खाल्ला, आणि शाळा सुटल्यावर दहा मिनिटं आईकडे बसून, तिचा चहा पिऊन, आपण आईला रोज भेटतो या समाधानात घरी गेलो. फॉर्मवर मी एक लिहिलं. तेवढं अक्षर वाकडं आलंय.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा बंद केला आणि मधल्या सुट्टीत आईकडे जेवायला जाऊ लागलो. बायकोनं काही विचारलं नाही, उलट आधी का नाही सुचलं असं म्हणाली. पहिल्या दिवशी आईनं पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, वर शेंगदाण्याची चटणी असं केलं आणि मी कमी जेवलो म्हणून मला बोलली. ती समोर बसून जेवली. टाकी दोन महिन्यांत संपली. ही बातमी घेऊन मी मुद्दाम पौडला मामांकडे गेलो. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती, हेही कबूल करतो.

मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळंला सुट्ट्या किती असत्यात, गुरुजी?"

मे महिना पंधरा दिवसांवर आला होता. आईला फ्लॅटवर नेईन म्हणालो. ती किती दिवस राहील, असं त्यांनी विचारलं. चार, असं मी खरं ते सांगितलं. मामांनी बोटांवर उरलेले दिवस मोजले. मग म्हणाले, "ऱ्हायल्यालं दिवस मी जातो दुपारचा. घरचा जावई हाय मी. जावयाला कोण खारी घालतंय? वैनींना रांधावंच लागंल."

सत्तरीला आलेल्या त्या माणसानं जावईपणाचा हक्क इतक्या वर्षांनी काढला, याचं मला हसू आलं. आत्यालाही घेऊन जा, तेवढीच तिला माहेरी चक्कर, असं मी म्हणालो. तर ते म्हणाले, तुझी आत्या हितं कुटं हाय? ती दिवाळीपासून हिंजवडीला मुलाच्या फ्लॅटवर होती, नातवाला सांभाळायला. दिवाळीपासून मी मामांना कितीतरी वेळा भेटलो होतो. चार दिवस त्यांच्याबरोबर गावभर घरं मोजत हिंडलो होतो. घरात मागे भांड्याचा आवाज नव्हता, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

मी विचारलं, "मामा, आज काय जेवलात?"

मामा बाहेर रस्त्याकडे बघू लागले. समोरून कुणीतरी सायकलवरून चाललं होतं. "त्यो बघ," ते म्हणाले, "पस्तीसचा होता. सून आल्यापास्नं अठ्ठावीसवर आलाय." आणि ते मला त्या घराची सगळी हकिगत सांगायला लागले.