सत्तावीस वर्षं पाण्यात

आमचा गणपती पितळेचा, बोटभर उंचीचा. मी इंग्लंडला निघाले तेव्हा आईने नागपूरला तो माझ्या पर्समध्ये घातला होता. हा गणपती सत्तावीस वर्षं स्टीलच्या वाटीत, पाण्याखाली बसला. कारण उरुग्वेचा एक टेनिसपटू.

तेव्हा मी पस्तिशीची होते. हे हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल द्यायचे, मुलगा शाळेत जायचा आणि मी टीव्हीसमोर बसायचे. गवतावरच्या मोठ्या स्पर्धेत तो पहिल्या फेरीत दोन सेटने पुढे होता. मातीच्या कोर्टवर वाढलेला पोरगा, गवतावर एकही मॅच न जिंकलेला. मला त्याचा बॅकहँड आवडतो, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्यावर हे म्हणाले होते, "बॅकहँड भुवयांच्या आसपास असतो का गं?"

तिसरा सेट गेला. मी उठले, देव वाटीत ठेवला आणि वरून पाणी ओतलं. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. मी मोठ्याने बोलले, "हा गवतावर एक मॅच जिंकेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही."

तो पाच सेटमध्ये हरला. पुढच्या वर्षी तीन सेटमध्ये हरला, म्हणजे घरी लवकर गेला. मग खांदा गेला आणि पेपरात निवृत्तीची तीन ओळींची बातमी आली. मातीवर म्हणे त्याने दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. नवस बोलताना माती म्हणायला मला काय झालं होतं, कोण जाणे.

"माफी माग आणि काढ त्याला बाहेर," आई फोनवर म्हणाली. शहाण्या बाईने काढला असता. मी तेव्हा हट्टाला श्रद्धा म्हणायचे. रोज पाणी बदलायचे, डिसेंबरात कोमट घालायचे. "माझ्या परीक्षेला नव्हता ठेवलास," हे वर्षातून एकदा आठवण करून द्यायचे.

आई गेली त्या दिवशी मात्र मी वाटीत हात घातला. तिने दिलेला देव निदान आज तरी कोरडा असावा, असं वाटलं. मग दिलेला शब्द आठवला. हात पुसला आणि पाणी तेवढं बदललं.

गेल्या उन्हाळ्यात नात क्लबातून आली. "आजी, आमचा नवीन कोच उरुग्वेचा आहे. आधी टीव्हीवर खेळायचा."

मी चप्पल घालून निघाले.

स्टॅनमोरच्या आमच्या क्लबात गवताचं एकच कोर्ट आहे. त्यावर तो बॉल गोळा करत होता. केस गेलेले, पोट सुटलेलं, भुवया जागेवर. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला बॉल खाली ठेवला.

"पाणी बदलता ना?" त्याने विचारलं.

"रोज."

"त्याच मॅचसाठी माझ्या आईने संताची मूर्ती डोक्यावर उभी केली होती. काम होईपर्यंत उलटी ठेवायची, अशी आमच्याकडची पद्धत. आता आई नाही. मूर्ती बहिणीकडे असते."

"उलटी?"

"उलटीच. बहीण म्हणते, आईने ठेवलीय, मी कशी हलवू?"

"मग जिंका ना एकदा! गवत समोरच आहे."

"इथे मी ज्येष्ठ मंडळींशी खेळतो, बाई. त्यांना जिंकू देणं माझ्या नोकरीतच येतं."

"माझ्या नवऱ्याला हरवा. मी परवानगी देते."

घरी हे दुखावले. "मला हरवायला देव लागतो?"

"अहो, तुम्ही नेहमीसारखंच खेळा."

पण शनिवारी हे डोक्याला पट्टी बांधून आले. यांना अशी पट्टी आहे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. आणि कोचने सवयीने पहिलाच बॉल हळूच यांच्या रॅकेटवर आणून ठेवला. हे पहिला गेम जिंकले. दुसराही जिंकले.

मी बाकावरून ओरडले, "अहो कोच, नीट खेळा! तुमची आई बघतेय!"

हे मी इंग्रजीत ओरडले, त्यामुळे सगळ्या क्लबला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून ठेवली आणि तो जुना बॅकहँड मारला. यांना तो दिसलासुद्धा नाही. पहिला सेट सहा-दोन. दुसऱ्यात हे एकही गेम जिंकले नाहीत, पण प्रत्येक बॉलमागे धावले. तेवढं मी मान्य करते.

शेवटचा पॉइंट झाल्यावर तो गवतावरच बसला आणि बहिणीला फोन लावला. स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलला आणि फोन कानाला धरून थांबला. मीही थांबले.

"सरळ केली," तो म्हणाला. मग बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत बसला.

घरी येऊन मी गणपती बाहेर काढला. पाठ हिरवी पडली होती. चिंच लावून घासला, आईने पाठवलेल्या जुन्या साडीच्या तुकड्याने पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

हे दोन्ही गुडघ्यांवर फ्रोजन मटारच्या पिशव्या धरून सोफ्यावर पडले होते. "आता या गुडघ्यांसाठी ठेवतेस का देव पाण्यात?"

"फिजिओकडे जा," मी म्हटलं. "देवाला आत्ताच कोरडं केलंय."